आठ पोर्टचा २.५ गिगाबिट स्विच: संमिश्र वेगांच्या छोट्या कार्यालयातील आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या कार्यालयात अकरा जण काम करतात. त्यांतील तिघे दिवसभर व्हिडिओ संपादन करतात आणि उरलेले आठ जण हिशेब, पत्रव्यवहार व ग्राहकांची कामे सांभाळतात. नेटवर्कची जबाबदारी रीतसर कोणाकडेच नव्हती. प्रिंटर बंद पडला की ज्या माणसाला हाक मारली जाते त्याच्याकडे ती आपोआप जाते, तशी ती माझ्याकडे आली. वर्षानुवर्षे जसजशी उपकरणे येत गेली तसतशी ती जोडली गेली, आणि एकाच नेटवर्कवर चार निरनिराळे वेग नांदू लागले. हजेरीचे यंत्र आणि दोन्ही प्रिंटर १०० मेगाबिटचे, आठ साधे संगणक १ गिगाबिटचे, दोन नवे संपादन संगणक व वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट २.५ गिगाबिटचे, तर सामायिक फाइलींचा सर्व्हर आणि तिसरा संपादन संगणक १० गिगाबिटचे होते. या सर्वांच्या मधोमध मात्र १६ पोर्टचा जुना गिगाबिट स्विच (उपकरणे एकमेकांना जोडणारी पेटी) बसलेला होता, त्यामुळे वरचे दोन्ही वेग केवळ कागदावर होते.

आठ महिन्यांपूर्वी आम्ही या जुन्या स्विचच्या पुढे एक नवा स्विच बसवला. त्यात २.५ गिगाबिटचे आठ आरजे-४५ पोर्ट, म्हणजे नेहमीच्या नेटवर्क केबलच्या खाचा, आणि १० गिगाबिटचा एक एसएफपी-प्लस पोर्ट, म्हणजे फायबर किंवा खास तांब्याची केबल घेणारी खाच आहे. पंखा नाही, खोके धातूचे आहे, आणि तो अनमॅनेज्ड प्रकारातला, म्हणजे वायर लावली की चालू होणारा आणि कोणतीही सेटिंग नसलेला आहे. कंपनीचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण याच रचनेचे स्विच अनेक नावांनी विकले जातात आणि पुढे जे लिहिले आहे ते त्या साऱ्या वर्गाला लागू पडते. माझे मत आधीच सांगते: फाइली वाहून नेण्याच्या कामात हा स्विच चोख आहे, पण आपल्या आत काय चालले आहे ते सांगण्याच्या बाबतीत तो जवळजवळ मुका आहे. संमिश्र वेगांच्या कार्यालयात ही दुसरी बाब पहिलीइतकीच महत्त्वाची ठरते, हे मला वापरानंतरच समजले.

खरेदीपूर्वी सहकाऱ्यांनी एक शंका वारंवार विचारली होती. नेटवर्कवर एखादे १०० मेगाबिटचे उपकरण असेल तर ते सर्वांनाच आपल्या वेगावर ओढत नाही का? ही समजूत निराधार नाही. ती हबच्या काळातून आलेली आहे, जेव्हा सर्व उपकरणे एकच माध्यम वाटून घेत असत आणि एकजण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागे. स्विचमध्ये प्रत्येक पोर्टचा वेग स्वतंत्रपणे ठरतो. केबल लावताच दोन्ही टोकांची उपकरणे आपापल्या क्षमता एकमेकांना कळवतात आणि दोघांनाही पेलेल असा सर्वांत मोठा वेग निवडतात. हीच ती ऑटो-निगोशिएशन नावाची वाटाघाट. प्रिंटरने १०० मेगाबिट निवडले तर त्याचा परिणाम फक्त प्रिंटरच्या लिंकवर होतो. मी हे तपासूनही पाहिले. दोन्ही प्रिंटरांवर मोठी कामे सोडून त्याच वेळी एका संपादन संगणकावर सर्व्हरवरून फाइल उतरवली, आणि तिच्या वेगात मोजण्याजोगा फरक पडला नाही.

वेगवान आणि संथ पोर्टांच्या मध्ये स्विचला जे करावे लागते ते समजून घेतले की पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. नेटवर्कवरून माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे फ्रेममध्ये जाते. १,५०० बाइटची माहिती वाहणारी एक फ्रेम, तिची शीर्षके (पत्ता वगैरे) आणि दोन फ्रेममधील सक्तीचे अंतर धरून, तारेवर १,५३८ बाइटची जागा घेते. १०० मेगाबिटच्या तारेवर तिला सुमारे १२३ मायक्रोसेकंद लागतात, तर १० गिगाबिटच्या तारेवर सव्वा मायक्रोसेकंदाहून किंचित कमी. म्हणजे प्रिंटरकडे एक फ्रेम जाईपर्यंत सर्व्हरकडून शंभर फ्रेम येऊन उभ्या राहू शकतात. या फ्रेम स्विचच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, थांबतात, आणि बफर भरला की नव्याने येणाऱ्या फ्रेम टाकून दिल्या जातात. आमच्या स्विचच्या माहितीपत्रकात १२ मेगाबिटचा बफर लिहिलेला आहे. १० गिगाबिटने येणारा प्रवाह १ गिगाबिटच्या पोर्टकडे जात असेल तर सेकंदाला ९ गिगाबिट जास्तीचे साठतात, आणि हा सगळा बफर त्या एकाच पोर्टला मिळाला तरी सुमारे १.३ मिलिसेकंदांत भरतो. असे असूनही नेटवर्क चालते, कारण हरवलेल्या फ्रेमवरून टीसीपी हा माहिती पोहोचल्याची खात्री करणारा नियमसंच आपला वेग आवरता घेतो. बफर हे नदीवरच्या धरणासारखे नसून अंगणातल्या हौदासारखे आहे, ही जाणीव ठेवलेली बरी.

आता प्रत्यक्ष वेगाकडे येते. सर्व्हर एक मीटर लांबीच्या डॅक केबलने, म्हणजे दोन्ही टोकांना जोडणी घडवलेल्या तांब्याच्या केबलने, एसएफपी-प्लस पोर्टला जोडला आहे. आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने मोजले असता २.५ गिगाबिटच्या संगणकावर २.३५ गिगाबिट मिळाले. शीर्षकांचा वाटा वजा केला की या तारेवर तेवढेच मिळू शकतात, म्हणजे स्विचने काहीही राखून ठेवलेले नाही. फाइल प्रत्यक्ष उतरवताना सेकंदाला २८० मेगाबाइटच्या (आठ बिट म्हणजे एक बाइट) आसपास वेग राहतो. पूर्वी तो ११० ते ११५ च्या पुढे जात नसे. १०० गिगाबाइटचे चित्रीकरण उतरवायला जिथे चौदा-पंधरा मिनिटे लागत, तिथे आता सहा मिनिटे पुरतात. याहून मोठा लाभ तिघे एकाच वेळी काम करताना दिसतो. सर्व्हर गिगाबिटवर होता तेव्हा तो सारा प्रवाह तिघांत वाटला जाई आणि दुपारच्या सुमारास सर्वांचीच चित्रे अडखळत. आता सर्व्हरची वाट तिघांच्या एकत्रित मागणीपेक्षा रुंद असल्याने प्रत्येकाला २५० मेगाबाइटच्या जवळपास मिळतात. एखाद्या छोट्या कार्यालयाला पोर्टची एकच जागा वेगवान करता येणार असेल, तर ती सर्व्हरची असावी.

भिंतीतील केबल बदलावी लागली नाही, हे या वेगाचे खरे मोल आहे. २०१६ साली मान्य झालेल्या आयईईई ८०२.३बीझेड या मानकाने २.५ आणि ५ गिगाबिटचे वेग आणले ते मुख्यतः यासाठीच, की वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट १ गिगाबिटच्या पुढे जाऊ लागले होते आणि इमारतींमध्ये पसरलेली कॅट ५ई केबल उपटून काढणे कोणालाच परवडणारे नव्हते. २.५ गिगाबिटसाठी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते. १० गिगाबिटला त्याच अंतरासाठी कॅट ६ए लागते. आमची सर्वांत लांब केबल चाळीस मीटरच्या आत आहे, आणि ती कोणतीही कुरकुर न करता २.५ गिगाबिटवर चालू आहे. मात्र हे अस्सल तांब्याच्या केबलबद्दल झाले. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मानकात बसतच नाही, आणि तिच्यावर या वेगाची अपेक्षा करू नये.

इथवर वाचून खरेदीचा विचार कोणी पक्का करण्याआधी, ज्या घटनेमुळे मी या स्विचला मुका म्हणते ती सांगितली पाहिजे. स्विच बसवल्यानंतर आठवड्याभरात एका संपादक सहकाऱ्याने तक्रार केली, की इतरांचे काम झपाट्याने होऊ लागले असले तरी त्याच्या संगणकावर फाइली पूर्वीपेक्षाही हळू येतात. मी रॅकपाशी, म्हणजे स्विच ठेवलेल्या कपाटापाशी, जाऊन दिवे पाहिले. या स्विचच्या प्रत्येक पोर्टला दोन रंग दाखवणारा एकच दिवा आहे: लिंक २.५ गिगाबिटची असेल तर हिरवा, आणि त्याखालील कोणत्याही वेगाला पिवळा. त्या पोर्टचा दिवा पिवळा होता. त्या दिवशी तो सहकारी जुन्या संगणकावर काम करत होता आणि त्या संगणकाचा वेग १ गिगाबिट होता, तेव्हा पिवळा दिवा मला योग्यच वाटला आणि मी परत फिरले. दोन दिवसांनी त्याच्या शेजारी बसून फाइल उतरताना पाहिली, तेव्हा आकडा सेकंदाला ११ मेगाबाइटवर खिळलेला दिसला. हा आकडा ओळखीचा आहे. १०० मेगाबिटच्या तारेवर जेमतेम तेवढेच मावते, आणि १०० गिगाबाइटची फाइल त्या वेगाने यायला सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागतो.

आम्ही भिंतीवरची पट्टी उघडली. आत एकच केबल आली होती, पण जॅक दोन होते. कोणे एके काळी, एका जागेवर दोन संगणक बसवायचे असताना, कोणीतरी केबलच्या चार जोड्या दोन जॅकमध्ये वाटून टाकल्या होत्या: नारिंगी आणि हिरवी जोडी एका जॅकला, निळी आणि तपकिरी शेजारच्या जॅकला. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, म्हणून ही युक्ती तेव्हा बिनबोभाट चालली. गिगाबिट आणि त्यापुढच्या वेगांना मात्र चारही जोड्या लागतात. यातली खरी मेख अशी, की वेगाची वाटाघाट पहिल्या दोन जोड्यांवरच होते. दोन्ही टोके आनंदाने गिगाबिटवर एकमत करतात, लिंक उभी करायला जातात, उरलेल्या दोन जोड्या सापडत नाहीत, आणि काही प्रयत्नांनंतर दोघेही मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरतात. संगणक सुरू होताना तो दिवा दोन-तीनदा लागून विझत असे, हे त्या सहकाऱ्याला आधीपासून ठाऊक होते. त्यात सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटले नव्हते. केबल बसवणाऱ्या कारागिराला बोलावले तेव्हा तो पट्टीकडे बघून एवढेच म्हणाला, “मॅडम, दुसरं टोकही असंच असणार, पॅच पॅनेल उघडायला लागेल.” रॅकमध्ये सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात त्या पॅनेलवरही तसेच निघाले. चारही जोड्या एका जॅकला पंच केल्यावर त्याच संगणकाचा वेग दहापट झाला, आणि स्विचवरचा दिवा होता तसाच पिवळा राहिला.

त्या अखेरच्या गोष्टीचा मला आजही राग आहे. १०० मेगाबिट आणि १ गिगाबिट यांना एकच रंग देणे म्हणजे ज्या बिघाडाची सर्वाधिक शक्यता आहे नेमका तोच झाकून ठेवणे होय. चारपैकी एक जोडी तुटली, केबलच्या टोकावरचा क्रिम्प सैल झाला, पॅच कॉर्ड (जॅकपासून संगणकापर्यंतची छोटी केबल) दारात चेमटली, की लिंक दर वेळी एकदम तुटतेच असे नाही. बऱ्याचदा ती खालच्या वेगावर उतरते आणि काम चालू राहते. तिसऱ्या रंगाचा एक दिवा असता तर आमचे दोन दिवस वाचले असते. याच प्रकारच्या पण वेब पानावरून सेटिंग करता येणाऱ्या स्विचमध्ये प्रत्येक पोर्टचा वेग आणि चुकलेल्या फ्रेमची संख्या आकड्यांत दिसते. आम्ही तो घेतला नाही, कारण सेटिंगची आम्हाला गरज नाही असे मला वाटले होते. गरज सेटिंगची नव्हतीच, त्या आकड्यांची होती.

दुसरी अडचण १० गिगाबिटच्या संपादन संगणकाची. त्याच्यात आरजे-४५ पोर्टचे १० गिगाबिट कार्ड होते, आणि ते २.५ गिगाबिटच्या पोर्टला जोडले तर निदान २.५ तरी मिळतील असे मी गृहीत धरले होते. मिळाले १ गिगाबिट. हे कार्ड २०१६ पूर्वीच्या रचनेचे असल्याने त्याला २.५ आणि ५ हे मधले वेग ठाऊकच नव्हते. १०, १ आणि ०.१ एवढ्याच पायऱ्या त्याच्यापाशी होत्या, आणि स्विचशी जुळणारी सर्वांत वरची पायरी १ गिगाबिटची निघाली. यात स्विचचा दोष नाही. तरीही वापरलेली १० गिगाबिट कार्डे स्वस्तात घेणाऱ्यांनी हे अवश्य तपासावे, कारण खोक्यावरचा मोठा आकडा पाहून लहान आकडे त्यात आलेच असे समजणे साहजिक आहे. आम्ही त्या संगणकात साधे २.५ गिगाबिटचे कार्ड बसवले. ज्या लॅपटॉपमध्ये कार्ड बसवता येत नाही तिथे यूएसबी अडॅप्टर चांगले काम देतो, मात्र तो यूएसबी ३ च्या पोर्टमध्येच लावला पाहिजे. यूएसबी २ ची मूळ मर्यादाच ४८० मेगाबिटची आहे.

तिसरी अडचण शोधायला सर्वांत जास्त वेळ लागला. रात्री दोन वाजता सर्व्हर संपादन संगणकांना नेटवर्कवरून जागे करतो आणि त्यांच्या कामाची प्रत काढून घेतो. नव्या स्विचवर हलवल्यानंतर हे बंद पडले. संगणक चालू असताना सारे व्यवस्थित, बंद केल्यावर मात्र त्याला उठवताच येईना. माहितीपत्रक पुन्हा वाचले तेव्हा उलगडा झाला. स्विचच्या पोर्टांचे वेग १००, १,००० आणि २,५०० असे दिले होते. १० मेगाबिटचा उल्लेखच नव्हता. बंद झालेला संगणक वीज वाचवण्यासाठी आपले नेटवर्क कार्ड १० मेगाबिटवर उतरवतो आणि त्या अवस्थेत जागे होण्याच्या निरोपाची वाट पाहतो. म्हणजे आमच्या कार्यालयात एक पाचवा वेगही होता, जो फक्त रात्री अस्तित्वात येत असे, आणि नवा स्विच त्याला ओळखत नव्हता. कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये बंद होताना वेग कमी न करण्याची सेटिंग सापडली, ती लावली, आणि प्रश्न सुटला. हजेरीचे यंत्र आणि प्रिंटर जुन्या गिगाबिट स्विचवरच ठेवण्याचा निर्णय मी त्याच दिवशी पक्का केला. तो स्विच १० मेगाबिटपासून सारे वेग सांभाळतो.

आता त्या एका प्रसंगाकडे वळते ज्यात संथ उपकरणाने वेगवान उपकरणाला खरोखरच मागे ओढले. हिशेबाच्या संगणकावर सर्व्हरवरून मोठी जुनी प्रत परत आणण्याचे काम चालू होते. तो संगणक जुन्या स्विचवर आहे, आणि जुन्या स्विचची नव्या स्विचशी जोडणी १ गिगाबिटची आहे. त्या वेळी संपादन संगणकाचा वेग २८० वरून घसरून १२० च्या खाली आला. दोघांच्या वाटा वेगळ्या असताना हे का व्हावे? कारण होते फ्लो कंट्रोल. बफर भरत आला की स्विच पाठवणाऱ्याला पॉज फ्रेम पाठवतो, म्हणजे क्षणभर थांबण्याची विनंती करतो. ही विनंती हिशेबाच्या प्रवाहापुरती नसते. सर्व्हर आपल्या पोर्टवरून जे काही पाठवत आहे ते सगळे थांबवतो, आणि त्यात संपादकाची फाइलही थांबते. या स्विचमध्ये फ्लो कंट्रोल कायमचे चालू आहे व ते बंद करण्याची सोय नाही. सुदैवाने सर्व्हरच्या कार्डात ते बंद करता येते. तसे केल्यावर काही फ्रेम टाकल्या जाऊ लागल्या, हिशेबाची प्रत यायला पूर्वीइतकाच वेळ लागला, आणि संपादकाचा वेग २५० च्या वर परतला. निरनिराळ्या वेगांच्या नेटवर्कमध्ये सर्व्हरच्या बाजूने फ्लो कंट्रोल बंद ठेवून टीसीपीवर विसंबणे मला अधिक योग्य वाटते. अर्थात हा आमच्या मांडणीचा अनुभव आहे, आणि प्रत्येकाने आधी मोजून मगच बदल करावा.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. स्विच कोमट राहतो, उन्हाळ्यात हाताला जाणवेल इतका गरम होतो, पण आठ महिन्यांत एकदाही बंद पडलेला नाही. त्याच्यावर दुसरे उपकरण न ठेवण्याची काळजी मात्र घ्यावी. एसएफपी-प्लस पोर्टमध्ये आरजे-४५ चे १० गिगाबिट मॉड्यूल लावून पाहिले होते, ते इतके तापले की दुसऱ्याच दिवशी काढून डॅक केबल लावली. एका संगणकाची लिंक दिवसातून तीन-चारदा दोन-तीन सेकंदांसाठी तुटत असे. कार्डातील वीजबचतीची ईईई सेटिंग बंद केल्यावर ते थांबले. पोर्टमधून वीज देण्याची पीओई सोय यात नाही, म्हणून ॲक्सेस पॉइंटसाठी वेगळा इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारे उपकरण, लागतो, आणि तो २.५ गिगाबिटला चालणाराच घ्यावा लागतो. मोठ्या, म्हणजे ९,००० बाइटच्या फ्रेम चालतील असे खोक्यावर लिहिले आहे, पण मी त्या वापरत नाही. एका नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणाने तोच आकार मानला तरच त्यांचा उपयोग होतो, आणि आमच्या प्रिंटरांकडून ती अपेक्षा करता येत नाही.

वेगाच्या तक्रारी नेहमी स्विचपाशीच सुटत नाहीत, याची दोन उदाहरणे आमच्याकडे घडली. ग्राहकांची कामे पाहणाऱ्या दोन सहकाऱ्यांचे संगणक टेबलावरच्या आयपी फोनमधून पुढे जोडलेले होते. त्या फोनच्या आत दोन पोर्टचा छोटा स्विच असतो, आणि आमच्या फोनमध्ये तो १०० मेगाबिटचा निघाला, त्यामुळे भिंतीपर्यंत गिगाबिट असूनही संगणकाला दहावा हिस्साच मिळत होता. दुसरे उदाहरण प्रिंटरचे. कोणीतरी पूर्वी त्याच्या सेटिंगमध्ये १०० मेगाबिट फुल डुप्लेक्स, म्हणजे एकाच वेळी बोलणे आणि ऐकणे, असे हाताने ठरवून ठेवले होते. असे उपकरण वाटाघाटीत भाग घेत नाही. समोरच्या स्विचला वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स ओळखता येत नाही, म्हणून तो नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी दोन्हींपैकी एकच, धरतो. एक बाजू हवे तेव्हा बोलते, दुसरी बाजू ऐकत असताना बोलायचे नाही असे समजते, आणि फ्रेम एकमेकींवर आदळतात. छोटी पत्रे छापली जात आणि शंभर पानांचा अहवाल अर्ध्यावर अडकत असे. सेटिंग पुन्हा ऑटोवर नेल्यावर तो प्रिंटर कधी अडला नाही.

हा स्विच कोणी घ्यावा? ज्यांच्या कार्यालयात दोन-चार संगणक मोठ्या फाइलींवर काम करतात, सर्व्हरला १० गिगाबिटचा पोर्ट आहे, आणि भिंतीतील केबल चांगल्या अवस्थेत असल्याची खात्री करून घेतलेली आहे, त्यांना तो नि:संकोच सुचवते. ज्यांच्याकडे सर्व उपकरणे गिगाबिटची आहेत आणि सर्व्हरमध्ये एकच साधी हार्ड डिस्क आहे, त्यांनी थांबावे. सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइट देणाऱ्या डिस्कपुढे रुंद वाट करून फारसा फरक पडत नाही. आणि ज्यांच्या भिंतींत जुने, कोणी केव्हा केले ते माहीत नसलेले वायरिंग आहे, त्यांनी पोर्टचा वेग व चुका आकड्यांत दाखवणारा स्विचच घ्यावा, भले दोन पोर्ट कमी मिळाले तरी चालतील. नवा स्विच बसवलेल्या दिवशी प्रत्येक जागेवर जाऊन संगणकात लिंकचा वेग किती दिसतो ते एका कागदावर लिहून ठेवावे. मी ते दोन आठवडे उशिरा केले. तो कागद आता रॅकच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, आणि तक्रार आली की मी आधी तो पाहते.

पुढच्या महिन्यात रॅकमध्ये वेब पानाचा, चार एसएफपी-प्लस पोर्ट असलेला स्विच येत आहे. हा आठ पोर्टचा स्विच संपादन कक्षात हलवायचा आहे आणि त्याच्या एसएफपी-प्लस पोर्टमधून फायबर रॅकपर्यंत न्यायची आहे. ओएम३ दर्जाच्या फायबरवर १० गिगाबिट ३०० मीटरपर्यंत जाते, आमचे अंतर पंचवीसही नाही. त्या कक्षात तिन्ही संगणक २.५ गिगाबिटचे असतील, दुसरे काहीही तिथे जोडले जाणार नाही, आणि स्विच टेबलावर सर्वांच्या समोर असेल. तिथे पिवळ्या दिव्याचा अर्थ एकच राहील, आणि तो ओळखायला मला बोलवावे लागणार नाही.